चुकलेल्या सुया

गिरगाव, मुंबई
धुळवडीनंतरचा शुक्रवार, १९५६

ती. सौ. मीनाक्षीवन्संना,

ललिताचा वाकून नमस्कार. तुमच्याकडे सगळी मंडळी खुशाल असतील असं धरून चालते. तुमच्या यजमानांचा दमा कसा आहे? सांगलीत आता नव्या हळदीचे ढीग पडले असतील आणि अण्णा नाकाला काही न लावता पेढीवर जाऊन बसत असतील. (त्यांना माझं नाव घेऊन बोला. तुमचं ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे, माझं निदान भिडेखातर ऐकतील.) इकडे सासूबाईंचा गुडघा हवा बदलली की बोलतो, एरवी गप्प असतो. तुमचे बंधू कचेरीत जातात, येतात, जेवतात. मी चांगली आहे. पत्रात हे वाक्य सगळेच लिहितात, पण माझ्या बाबतीत ते डॉक्टरांनी पोट दाबून, नाडी बघून, खात्री करून दिलेलं आहे.

तुम्ही पाठवलेलं दुपटं आणि डिंकाचे लाडू पोचले. पोचून बरेच दिवस झाले आणि मी पोच दिली नाही, त्याबद्दल रागावू नका. दुपट्याला तुमच्या जुन्या इरकलीचे काठ लावलेत ते मी ओळखले. लाडू मी खाल्ले. ते बाळंतिणीचे असले तरी दुखण्यातून उठलेल्या बाईलाही चालतात असा निकाल सासूबाईंनी दिला. तुम्हाला त्यांची लागोपाठ दोन कार्डं आली असतील. पहिल्यात लिहिलं होतं की ललिताला दिवस गेले आहेत, देवीने ऐकलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की मागील कार्डातील मजकूर रद्द समजावा. (हे दुसरं ह्यांनी सांगितलं आणि सासूबाईंनी लिहून घेतलं, म्हणून त्याला विम्याच्या कचेरीचा वास आहे.) या दोन कार्डांच्या मधे काय घडलं ते तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं. कार्डावर लिहिता येण्यासारखं ते नाही, कारण आमचा पोस्टमन कार्ड वाचतो आणि जिना चढता चढता निरोप सांगत येतो. म्हणून हे बंद पाकीट.

तुम्हाला माहीत आहेच की आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की चाळीतल्या बायकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. विचारत होत्या तेव्हा मला राग यायचा. विचारायच्या थांबल्या तेव्हा कळलं की तो बरा होता. गेल्या दिवाळीनंतर ह्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांकडून दादरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. त्या विलायतेला शिकून आल्या आहेत आणि अशाच बायकांना औषध देतात. आम्ही सासूबाईंना न सांगता जायला लागलो. घरी सांगायचं काय, तर दादरला कापड घ्यायला जातो. त्यामुळे प्रत्येक खेपेला परतताना हिंदमात्याजवळ काहीतरी घ्यावं लागे, आणि सासूबाई ते उलगडून, उजेडात धरून, पोत चाचपून बघत. मला तेव्हा इतके खण झाले की आनंदीबाईंनी (शेजारच्या खोलीतल्या, भिंतीला कान असलेल्या) ह्यांना बढती मिळाली अशी बातमी पसरवली.

बाईंनी सगळं तपासलं, ह्यांनाही तपासायला पाठवलं. (ह्यांचं काही वाईट निघालं नाही, ही गोष्ट हे चाळीत कुणाला सांगू शकत नाहीत याचं त्यांना फार वाईट वाटतं.) शेवटी त्या म्हणाल्या की शरीरात दोष असा नाही, बीजकोश आळशी आहेत, त्यांना जागं करायला हवं, आणि त्याला आता परदेशातून सुया येतात. एका कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी, दुसरीत पाणी. टोचायच्या वेळीच दोन्ही एक करायचं. हे औषध मिळायलाच कितीतरी दिवस लागले. आलं तेव्हा खोक्यात एक इंग्रजी पत्रक होतं आणि तुमचे बंधू असली पत्रकं वाचल्याशिवाय राहत नाहीत. घरी येऊन त्यांनी ते मला हळू आवाजात मराठी करून सांगितलं, आणि त्यांचा हळू आवाज म्हणजे काय ते तुम्ही लहानपणापासून ऐकता आहात. औषध गाभण घोडीच्या रक्तापासून काढलेलं होतं. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली पळी थांबली.

मी मनात म्हटलं, झालं. ज्या बाईने नळाचं पाणी सोवळ्याला चालतं की नाही यावर सहा महिने विचार केला, ती आता काय करील? सासूबाई बाहेर आल्या, सगळं विचारून घेतलं, कापडाच्या खेपांचा उलगडा करून घेतला, आणि पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "घोडी तर घोडी. गाभण होती ना? मग घे."

वन्सं, त्या क्षणी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं, पण त्या लगेच पळी घेऊन आत गेल्या आणि आमटी लागली म्हणून मलाच बोलल्या.

दुसऱ्या दिवसापासून घोडीची गोष्ट भिंतीपलीकडे गेली. आनंदीबाई आल्या आणि म्हणाल्या, एवढं ताकदीचं औषध आहे तर माझ्या गुडघ्यात एक सुई दे. हे औषध दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असं बाईंनी बजावलं आहे, असं मी सांगितलं तर त्यांना ते कंजूषपणाचं वाटलं. वरच्या मजल्यावरचे जे गृहस्थ महालक्ष्मीला रेसला जातात, ते जिन्यात भेटले की माझ्याकडे आदराने बघायला लागले. तेव्हा मला हसू यायचं. सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि सगळे आमच्या बाजूने होते, असं मला वाटत होतं.

बाईंचे नियम कडक होते. सुई एक दिवसाआड. दर वेळी पिचकारी आणि सुई पाण्यात खळखळून उकळायची, नुसती धुवायची नाही. आज डावी बाजू तर पुढच्या खेपेला उजवी. कुपी फोडल्यावर उरलेलं जपून ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. कुप्या थंडाव्याला आणि अंधारात ठेवायच्या. पण मुख्य म्हणजे हे औषध जास्त झालं तर बीजकोश सुजतात, म्हणून त्या मधे मधे हाताने तपासणार आणि मगच पुढची सुई. सगळ्यात शेवटी एक निराळी सुई होती, ती तर त्यांनी तपासून हो म्हटल्याशिवाय द्यायचीच नाही. आणि एखादी चुकली तर आपल्या मनाने काही करायचं नाही, त्यांना विचारायचं. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, ह्यांना सांगितलं, आणि पुन्हा दोघांना मिळून सांगितलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या. आम्ही मठ्ठ नव्हतो, वन्सं. आम्हाला सगळं कळलं होतं.

पहिल्या काही सुया संक्रांतीच्या आधी दादरच्या दवाखान्यातच झाल्या, नर्सने दिल्या, मला काही त्रास झाला नाही. पण गावात तेव्हा वातावरण तापलेलं होतं. नोव्हेंबरात जे झालं ते तुम्ही वाचलंच आहे. ट्रॅम कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून बाईंनी उरलेल्या कुप्या घरी न्यायला दिल्या, आणि आमच्या चाळीखालच्या दवाखान्यातला कंपाउंडर दौलत याने सुई द्यावी असं ठरवलं. दौलत एकदा दादरला येऊन त्यांच्यासमोर सुई देऊन दाखवून गेला. कुप्यांचा डबा मी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला. ह्यांनी हौसेने दौलतकडून हात शिकून घेतला, न जाणो वेळ आली तर, असं म्हणत. शिकायला मोसंबी आणली होती. संध्याकाळभर हे आणि दौलत मोसंब्यांना पाणी टोचत बसले होते. संकष्टीला सासूबाईंनी त्यातली दोन खाल्ली आणि यंदा मोसंब्यांत काही गोडी नाही म्हणाल्या. ह्यांनी गंभीरपणे पावसाला दोष दिला.

मग मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं. त्यानंतर काय झालं ते मी लिहायला बसले तर हे पाकीट पुरायचं नाही. ठाकुरद्वारपासून लालबागपर्यंत दगड, अश्रुधूर, गोळीबार. आमच्या गॅलरीतून खालचा रस्ता दिसतो तो तुम्हाला आठवत असेल. त्यावर मी चपला पडलेल्या पाहिल्या, नुसत्या चपला. करफ्यू लागला. दौलत राहतो काळाचौकीला. तो येणार कसा? एक सुई चुकली. आम्ही म्हटलं, उद्या येईल. आला नाही. एका दिवसाआडची दुसरीही चुकली. त्याच दिवसांत सरकारने विमा कंपन्या ताब्यात घेतल्या, त्यामुळे तुमच्या बंधूंना एकाच आठवड्यात मुंबई गेली, कचेरी गेली आणि बायकोची औषधं वाया चालली असं वाटायला लागलं. घरात फेऱ्या मारायचे. तुम्हाला आपली खोली माहीत आहे. एक फेरी म्हणजे चार पावलं आणि मग सासूबाईंची खाट.

इथे मला जे सांगायचं आहे ते मी गेले कितीतरी दिवस घोळवते आहे. खाली इराण्याच्या हॉटेलात टेलिफोन आहे. मधे करफ्यू थोडा वेळ सैल केला, तेव्हा इराण्याने अर्धी फळी उघडली. बाईंचा नंबर ह्यांना पाठ होता. हे खाली गेले. तिथे गल्ल्याभोवती चाळीतले सगळे पुरुष उभे होते, दूध, पाव, बातम्या. टेलिफोन त्यांच्या मधोमध. ह्यांनी तो उचलला आणि खाली ठेवला, आणि पाव घेऊन वर आले. म्हणाले, इतक्या लोकांत काय सांगू? कुठल्या दिवसापासून, किती, काय सुजतं? मी म्हटलं, बरं झालं नाही बोललात, मला उद्या नळावर तोंड दाखवता आलं नसतं. हे मी म्हटलं, वन्सं. ह्यांनी नाही. घोडीवरून सगळी चाळ हसली तेव्हा मला लाज वाटली नव्हती. पण माझी पाळी, माझे दिवस, हे शब्द चार पुरुषांच्या कानावर जाणार म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसाने फोर्टात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून ओरडून आठवडाभर घसा बसवून घेतला होता, त्याला त्या टेलिफोनात दोन वाक्यं बोलता आली नाहीत, आणि मी त्याला शाबासकी दिली.

मग ह्यांनी स्वतः विचार केला. विचार कचेरीतला होता: राहिलेली रजा पुढच्या वर्षी जोडून घेता येते, तर राहिलेली सुईही पुढच्या सुईला जोडता यावी. मी विचारलं, चालेल ना? हे म्हणाले, औषध तेच, माणूस तोच. स्टोव्हवर पिचकारी उकळली. (नियमाप्रमाणे, खळखळून. जे नियम सोपे होते ते आम्ही अगदी काटेकोर पाळले.) ह्यांनी भुकटीच्या दोन कुप्या फोडल्या. खोलीत स्पिरिटचा वास भरला होता आणि मी खाटेवर पालथी झाले होते, इतक्यात दारावर काठी वाजली. दगड मारणारी पोरं चाळीत शिरली म्हणून एक हवालदार खोल्या बघत हिंडत होता. त्याला स्पिरिटचा वास आला. दारूबंदीचं राज्य, आत हातात पिचकारी धरलेला घामाघूम माणूस, खाटेवर बाई. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे घोडीसुद्धा. हवालदार मागे सरत सरत जिन्यापर्यंत गेला आणि म्हणाला, आई, माझ्या घरीही तीच चिंता आहे, कुठे मिळतं हे? सासूबाईंनी त्याला दादरचा पत्ता दिला.

आम्ही हसलो. हसतच ती सुई घेतली. ह्यांचा हात खरंच हलका आहे. मला टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. त्यानंतरचीही, दुसरी चुकलेली जोडून, अशीच घेतली. आणि करफ्यू अजून उठला नव्हता, ट्रॅम नव्हत्या, म्हणून शेवटची ती निराळी सुई कॅलेंडर बघून घेतली. बाईंनी तपासल्याशिवाय द्यायची नव्हती, हे आम्हाला दोघांनाही आठवत होतं. एकमेकांना आठवण करून दिली नाही, इतकंच.

आठवड्याभरात माझं पोट वर आलं. आधी ओटीपोटात नुसतं जड जड वाटत होतं, मग परकराची नाडी ढिली करावी लागली, मग जेवणावरची वासना उडाली, सकाळी ओकाऱ्या. सासूबाई बघत होत्या. त्यांना जे दिसलं त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि कुठलीही आई तोच लावील. मी त्यांना म्हटलं, अहो, इतक्यात कसं दिसेल? त्या म्हणाल्या, घोडीचं औषध आहे, माणसासारखं थोडंच चालणार. मी हे ह्यांना सांगितलं तर हे हसले, मग हसायचे थांबले, मग मला म्हणाले, कुणी सांगावं? आपण कचेरीतून येईपर्यंत सासूबाईंनी चाळीत घरोघर साखर वाटली होती आणि तुम्हाला कार्ड टाकलं होतं, असं हे नंतर मला म्हणाले, जणू त्यांचा त्यात काही हात नव्हता. साखर आणली ह्यांनीच.

मला ठाऊक होतं. पाळी चुकायचे दिवससुद्धा अजून आले नव्हते. तुम्हाला म्हणून सांगते. दुपारी सासूबाई खाली गेल्या की मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची. पदर बाजूला करून, बाजूने. दुखत होतं, श्वास पुरत नव्हता, आणि मी उभी राहायची. आनंदीबाई आल्या, माझी दृष्ट काढून गेल्या, आणि मी काढू दिली. माझ्या पोटावर हात ठेवून लोक बोलत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस, असं करत मी सांगायचं टाळलं. त्यात मी जिवाशी खेळत होते हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

मग एक दिवस पायऱ्या चढताना दम लागून मी मधल्या मजल्यावर बसले ती मला उठवेना. तोवर टॅक्सी धावायला लागल्या होत्या. हे मला दादरला घेऊन गेले. बाईंनी पोटाला हात लावला आणि परळच्या हॉस्पिटलाची चिठ्ठी दिली, स्वतः बरोबर आल्या. पोटात पाणी झालं होतं. एरवी लिंबाएवढेही नसणारे बीजकोश मोसंब्याएवढे झाले होते. (बाईंनी दुसरं कुठलंही फळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे तिथेच भिंतीला टेकून बसले.) चालायचं नाही, कूस बदलतानाही जपून, कारण आतल्या आत पीळ पडला किंवा फुटलं तर जीव जाईल असं सांगितलं. रोज पोटाभोवती फीत लावून बघायचे, पाणी किती प्यायले आणि किती गेलं ते बघायचे. पलीकडच्या खाटेवर गोळी लागलेल्या मुलाची आई होती, मुलगा खालच्या वॉर्डात, हिला धक्क्याने आजार. ती मला विचारायची, तुला कितवा गं? मी म्हणायची, पहिला.

बाई ह्यांना रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, तेच कठीण गेलं. ह्यांनी विचारलं की चुकलेली सुई भरून काढायची नाही तर मग काय करायचं असतं. त्या म्हणाल्या, "काही नाही. ती खेप सोडून द्यायची. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू करता आलं असतं."

बस, एवढंच. सोडून द्यायची. आम्हाला दोघांना तेवढंच जमलं नाही.

हळूहळू पाणी उतरलं. पोट पूर्वीसारखं सपाट झालं, आणि एका सकाळी पाळी आली. नर्सने चांगली बातमी म्हणून सांगितली. घरी आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला खाटेवर बसवून त्या स्वतः बाहेर पडल्या. ज्या ज्या घरी साखर दिली होती त्या त्या घरी गेल्या आणि प्रत्येक दारात सांगितलं की माझी समजूत चुकली, सुनेला दुखणं होतं, तिला कुणी काही विचारायचं नाही. गुडघा दुखत असताना चारही मजले चढल्या. आनंदीबाईंकडे सगळ्यात शेवटी गेल्या आणि बराच वेळ बसल्या. तेव्हापासून आनंदीबाई मला कधी कोथिंबीर, कधी पुदिना आणून देतात आणि दारातूनच परत जातात. मला त्यांची बडबड इतकी आठवेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या बंधूंचं सांगायचं तर पिचकारी त्यांनी दौलतला देऊन टाकली. पत्रकं वाचत नाहीत. परवा कचेरीतून नव्या सरकारी कारभाराचं जाडजूड परिपत्रक आलं, तेही मलाच वाच म्हणाले. जेवताना माझ्या ताटाकडे बघत राहतात. मी खोकले तर उठून उभे राहतात. मी त्यांना म्हटलं की सुई तुम्ही दिलीत तशी मी घेतलीही, आणि टेलिफोनावर बोलू नका असं म्हणणारी तर मीच. ते म्हणाले, हो. पण त्यांना पटलेलं नाही. आता दोघांनी ठरवलं आहे की हा नाद सोडायचा. देवाने जे दिलं नाही ते घोडीकडून मागायला नको होतं. आम्ही दोघं आहोत, सासूबाई आहेत, मला शिवणाचा क्लास पुन्हा सुरू करायचा आहे. (खण भरपूर आहेत.) मी समाधानात आहे, तुम्ही काळजी करू नये. दुपटं ट्रंकेत तळाला ठेवलं आहे, डांबराच्या गोळ्या घालून.

अण्णांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद आणि उन्हात हिंडू नका असं सांगणं.

तुमची,
ललिता

ता. क. — ताई, ललिताने पत्र वाचायला दिलं म्हणून दोन ओळी लिहितो. मजकूर खरा आहे. फक्त हवालदारासमोर मी घामाघूम होतो हे अतिशयोक्त आहे, खोलीत स्टोव्ह पेटलेला होता. टेलिफोनचं मात्र तिने स्वतःवर जास्त घेतलं आहे; ती बोलली तेव्हा मी आधीच खाली ठेवून वर आलो होतो. पुन्हा हा प्रयोग करायचा नाही हे मी ठरवलं आहे. हॉस्पिटलात तिचा चेहरा कसा होता ते तू पाहिलेलं नाहीस. आईचं बरं आहे. — रघुवीर

ता. क. — वन्सं, ह्यांनी पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं आणि कचेरीत गेले. मी ते उघडून हे लिहिते आहे. वर 'दोघांनी ठरवलं' असं मी लिहिलं ते ह्यांनी वाचावं म्हणून लिहिलं. ठरवलं ह्यांनी. मी मान हलवली.

काल मी एकटी दादरला जाऊन आले. सासूबाईंना ठाऊक आहे. त्यांनीच ट्रॅमपुरते सुटे दिले आणि कापड आणू नकोस म्हणाल्या. बाईंनी पुन्हा तपासलं. म्हणाल्या, सगळं पूर्वीसारखं झालं आहे. अक्षय्य तृतीयेनंतर करता येईल, औषध निम्म्याहून कमी, एकही कुपी घरी न्यायची नाही, प्रत्येक सुई त्यांच्याच दवाखान्यात, आणि जरा पोट जड वाटलं तर तिथेच थांबवायचं, हळहळायचं नाही. होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. मला भीती वाटते, वन्सं. पण तरी मी हो म्हणून आले आहे.

ह्यांच्याशी तुम्ही बोलायचं. पत्रातून नको, पत्राला ते दोन ओळींचं उत्तर देऊन मोकळे होतील, तुम्ही स्वतः या. तुमच्यापुढे ते लहानपणापासून उलट बोलू शकत नाहीत असं सासूबाई सांगतात. आणि नुसतं बोलून परत जायचं नाही. बाईंनी विचारलं, सगळ्या सुया होईपर्यंत दर खेपेला बरोबर कोण येईल? मी तुमचं नाव सांगितलं.